बघून तर बघू

मराठी घरात नवी मालिका एकदम लागत नाही. आधी तीन आठवडे तिचे प्रोमो येतात. पहिल्या प्रोमोत नायिका पाठमोरी चालत जाते. दुसऱ्यात वळून बघते. तिसऱ्यात तिच्या हातातलं पूजेचं ताट उडतं आणि सगळीकडे कुंकू होतं. एवढ्या भांडवलावर घरातल्या जाणत्या मंडळींना गोष्ट काय, खलनायिका कोण, नायकाचं आधी एक लग्न झालंय की नाही, हे सगळं कळलेलं असतं. प्रश्न उरतो तो एकच. ही साडेआठला येणार, तर हल्लीची साडेआठची कुठे जाणार? ती संध्याकाळी साडेसहाला गेली, तर अजून हिंडतीफिरती आहे असं समजावं. रात्री अकराला गेली, तर जाऊन भेटून यावं.

आमच्या घरी नव्या मालिकेला होकार-नकार द्यायचा अधिकार आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांचं वाक्य ठरलेलं आहे. "बघून तर बघू. नाही आवडली तर बंद करू." यातला पूर्वार्ध आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी अमलात येतो. उत्तरार्ध हा केवळ रीत म्हणून बोलायचा असतो. 'बसा ना, जेवूनच जा' म्हणतात, त्यातला प्रकार.

मालिकांची नावं आमच्याकडे कोणी घेत नाही. ती फार लांब असतात. कोण कोणाच्या घरची सून होणार, कोणाचा जीव कोणात रंगला, नवऱ्याची बायको नक्की कोण, एवढा मजकूर उच्चारेपर्यंत निम्मा भाग होऊन जातो. म्हणून मालिका वेळेवरून ओळखायच्या. साताची, साडेसाताची, आठाची. समोरच्या काकू लिफ्टमध्ये मला विचारतात, "काय गं, आठाच्या सासूला जामीन मिळाला का?" तेव्हा सोबत उभा असलेला कुरिअरवाला आमच्याकडे बघून दोन मजले आधीच उतरतो.

आईंच्या तरुणपणी हा निवडीचा ताप नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं जे लागेल ते बघायचं, एवढंच प्रेक्षकाच्या हातात होतं. 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता, पण तो गिरगावच्या चाळीतले कारकूनसुद्धा मन लावून बघत. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपलीकडे ज्यांची इंचभर जमीन नव्हती, त्यांना भातावरच्या तुडतुड्यांची सगळी माहिती होती. आईंना अजूनही आहे. रविवारी 'साप्ताहिकी' लागायची. येत्या आठवड्यात काय काय दाखवणार आहोत हे सांगणारा तो कार्यक्रम, आणि तोही लोक कार्यक्रम म्हणूनच बघायचे, वही-पेन्सिल घेऊन. मध्येच चित्र गेलं की 'व्यत्यय' अशी पाटी यायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, सांगतात की लोक तीसुद्धा बघत बसायचे. कारण उठून गेलं तर पुढची जागा दुसरा कोणी पटकावणार, ही खात्री.

तेव्हाचं मनोरंजन आठवड्याच्या हिशेबाने यायचं. 'गजरा' असो नाहीतर 'चिमणराव', एकदा बघितलं की पुढे चर्चेला भरपूर दिवस मिळायचे. पुढे मालिका रोज येऊ लागल्या. १९९९मध्ये 'अल्फा टीव्ही मराठी' आलं आणि त्यावर 'आभाळमाया' आली. तिचं शीर्षकगीत अशोक पत्कींच्या चालीवर सुरू झालं की खाली खेळणारी पोरं आपणहून वर यायची, हे त्या मालिकेचं सामाजिक कार्य. मग २००१मध्ये 'ई टीव्ही मराठी'वर 'चार दिवस सासूचे' लागली. आई म्हणाल्या होत्या, "चारच दिवस आहे म्हणतात, बघून टाकू." ते चार दिवस २०१३ साली संपले. तीन हजारांहून जास्त भाग झाले. सासूचे चार दिवस जर अकरा वर्षांहून जास्त चालतात, तर सुनेचे कधी सुरू होणार, हा प्रश्न मी त्या काळात मनातल्या मनात पुष्कळदा विचारला. मोठ्याने विचारला नाही, कारण मालिका अजून चालू होती.

तर नवी मालिका. सोमवारी पहिला भाग. त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक सात वाजता आटोपतो. मुलगी बघायला यावं तसं सगळं घर कोचावर येऊन बसतं, आणि मग बिचारीची परीक्षा सुरू होते.

पहिल्या भागात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहाट होते. नायिका तुळशीला पाणी घालते. मग कुठल्यातरी कामासाठी धावत सुटते, वाटेत एका म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देते, एका पोराचा फुगा झाडावरून काढून देते, तेवढ्यात नायकाची गाडी येऊन तिच्या अंगावर चिखल उडवते. हा चिखल मार्चमध्येही असतो. गाडीची काच खाली होते, नायक आधी बूट, मग घड्याळ, मग काळा चष्मा असा हप्त्याहप्त्याने दिसतो. इकडे नायिकेचं घर दोन खोल्यांचं, तिकडे नायकाच्या घराला नुसता जिनाच आमच्या फ्लॅटएवढा. त्या जिन्यावरून घरातली माणसं एकेक करून खाली उतरतात. काकू उतरते तेव्हा वेगळं संगीत वाजतं, म्हणजे बाई वाईट.

पण आमच्या आई गोष्टीकडे नंतर बघतात. आधी कुळ बघतात. "हा नऊच्या मालिकेत हिचा नवरा होता. आता दीर झालाय. बरं दिसतं का?" पडद्यावर आलेल्या प्रत्येक चेहऱ्याचा पूर्वेतिहास त्यांच्याकडे असतो. अमकी आधी कोणाची मुलगी होती, मग कोणाची जाऊ झाली, मध्ये तिला विष घातलं होतं ते कोणी, हे सगळं त्या धाडधाड सांगतात. दिलीप प्रभावळकरांना त्यांनी दूरदर्शनवर चिमणराव म्हणून बघितलं आणि २००१मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा म्हणून बघितलं. पहिल्याच भागाला त्यांचा उद्गार होता, "चिमणरावांचं वय झालं हो." त्यात नटाचा उल्लेख नव्हता. चिमणराव म्हातारे झाले होते, एवढीच ती बातमी.

कुळ तपासून झालं की घर तपासायचं. यात आम्ही सगळे सहभागी होतो. नायिका पोहे करते, कढई हलवते, पण खालचा गॅस बंद आहे हे माझ्या लेकीने वयाच्या सहाव्या वर्षी दाखवून दिलं होतं. पाहुण्यांपुढे चहा येतो, पण कप इतक्या हलक्या हाताने फिरतात की त्यात चहा नाही हे कोणालाही कळावं. गावाहून आलेली आत्या भली मोठी सुटकेस दोन बोटांनी उचलते. झोपताना अंगावर जरीची साडी, गळ्यात सर, कपाळावर टिकली जागच्या जागी. "पाठीला टोचत नसेल का गं?" हा आईंचा प्रश्न जुना आहे, आणि प्रत्येक नव्या मालिकेला तो नव्याने विचारला जातो.

आणखी एक गोष्ट बघा. मालिकेतल्या घरात कोणीच मालिका बघत नाही. दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही असतो, पण तो बंद. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ त्या लोकांना पूर्ण मोकळा मिळतो. त्यात त्यांनी मृत्युपत्रं बदलायची नाहीत, तर करायचं काय? सासूला रोज तीन तास टीव्हीपुढे बसवलं असतं, तर निम्मे कट रचले गेलेच नसते. हे मी स्वतःच्या घरावरून खात्रीने सांगू शकते.

पण सगळ्या मराठी मालिका ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया म्हणजे दार. या घरांमध्ये दारांना कडी नसते. कोट्यवधींचा बंगला, झुंबरं, गाड्या, आणि बेडरूमच्या दाराला एक साधी कडी बसवायला कोणाला सुचत नाही. खलनायिका फोनवर आपला सगळा बेत, नावांसकट आणि तारखांसकट, खणखणीत आवाजात सांगते. दार सताड उघडं. बाहेरून कोणीतरी दुधाचा पेला घेऊन चाललेलं असतं. पेला पडतो. आत बाई दचकते. आणि आमच्या घरात एकच गजर होतो, "अगं, दार लाव की आधी!"

हा गजर करणाऱ्यांत एक आवाज मागून येतो. तो बाबांचा. बाबा मालिका बघत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तसं जाहीरच केलेलं आहे. ते फक्त पाणी प्यायला येतात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. हातात तांब्या. चष्मा कपाळावर. मालिका सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते असे उभे असतात. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी जास्त वेळ उभं राहायला मनाई केली आहे, पण बसले तर मालिका बघितली असं होईल. महाराष्ट्रात असे उभ्याने बघणारे पुरुष किती असतील, याची शिरगणती कोणी केलेली नाही. ते कुठल्याच हिशेबात येत नाहीत. पण एखाद्या दिवशी आईंचा भाग चुकला, तर गोष्ट पूर्ण आणि बिनचूक सांगणारा माणूस घरात तोच असतो. "मला काय माहीत, मी कुठे बघतो," अशी सुरुवात करून ते संवादांसकट सगळं सांगतात.

माझ्या नवऱ्याचा प्रकार निराळा. तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि ऑफिसचं काम करतो. पडद्यावर नायिका रडायला लागली की की-बोर्डचा आवाज थांबतो.

खरं तर मालिका बघताना नुसती मालिका कोणीच बघत नाही. त्या वेळात दुसरी कामं चालतात, आणि ती कोणती चालू शकतात याचं एक शास्त्र आहे. मटार हे मालिकेचं धान्य. शेंग न बघता सोलता येते, दाणा हाताला लागतो. गवारही चालते. लसूण चालतो. मेथी अजिबात चालत नाही, तिच्याकडे बघावं लागतं, नाहीतर गवतासकट भाजी पानात येते. म्हणून आमच्याकडे पुढच्या दिवसाची भाजी आदल्या रात्रीच्या कथानकावर ठरते. लग्न, बारसं, मंगळागौर असलं काही पडद्यावर असेल तर मेथी आणायला हरकत नाही, त्यात मान वर करण्यासारखं काही घडत नाही. कोर्टाचा प्रसंग असला की मटार. फक्त कोर्ट फार रंगलं तर सोलता सोलता मटार तोंडात जातात आणि दुसऱ्या दिवशी मटार-बटाट्यात बटाटाच दिसतो.

जाहिरातींना लोक उगाच नावं ठेवतात. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवाव्यात असा केबलच्या नियमांमध्ये दंडक आहे, आणि त्या १२ मिनिटांवर मराठी गृहिणीने केवढा संसार उभा केला आहे, ते एकदा येऊन बघा. पहिल्या ब्रेकला कुकर चढतो. दुसऱ्या ब्रेकपर्यंत तीन शिट्ट्या होतात. त्या शिट्ट्या मोजायचं काम बाबांचं, कारण ते तसेही उभेच असतात. ब्रेकमध्येच लेकीचा अभ्यास विचारला जातो, दूधवाल्याचा हिशेब होतो, माहेरी फोन होतो. ब्रेक नसताना फोन आला तर तो नातेवाईक नव्हेच. आमच्या सांगलीच्या आत्या बरोबर दोन मिनिटं बोलतात आणि "लागली, लागली" म्हणून फोन ठेवतात. त्यात त्यांनी एकदा एक सोयरीक जुळवली आहे.

गुरुवारी आमच्याकडे थोडं तणावाचं वातावरण असतं. त्या दिवशी टीआरपी येतो. 'बार्क' नावाची संस्था देशातल्या ५५ हजारांच्या आसपास घरांमध्ये टीव्हीला यंत्र जोडून कोण काय बघतं हे मोजते. टीव्ही असलेली घरं देशात २१ कोटी आहेत, असं तिनेच २०२०च्या सुमारास सांगितलं होतं. म्हणजे चार हजार घरांमागे साधारण एका घरात हे यंत्र. कोणाच्या घरी आहे ते गुप्त असतं. हा हिशेब मी आईंना समजावून सांगितला, ते काही बरं झालं नाही. आमच्या आसपासच्या सोसायट्या धरल्या तर चार हजार घरं सहज भरतात. म्हणजे इथेच कुठेतरी एक बाई अशी आहे, जिच्या हातातल्या रिमोटवर आमच्या साडेआठच्या नायिकेचं सौभाग्य अवलंबून आहे. ती बाई कोण, याचा शोध आईंनी भजनी मंडळात सुरू केला. संशयित दोघी आहेत. एक म्हणते, मी बातम्याच बघते. तिच्यावर जास्त संशय आहे.

स्वतःच्या टीव्हीला यंत्र नाही हे आईंना पटतं, पण पूर्ण पटत नाही. एकदा लग्नाला गावी जायचं होतं. निघताना त्या समोरच्या काकूंना किल्ली देत म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी घाला, आणि साडेआठची जरा लावून बसा. नव्यानेच आली आहे, आपणच बघितली नाही तर बंद पडेल बिचारी."

आम्ही राहतो ठाण्याला, घोडबंदर रोडच्या बाजूला. अनेक मालिकांचं चित्रीकरण इकडच्याच स्टुडिओंमध्ये चालतं. त्यामुळे कोल्हापूरकडचे वाडे आणि नागपूरकडचे बंगले आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असतात. एकदा भाजीवाल्यापाशी आईंना त्या वेळच्या मालिकेतली दुष्ट जाऊ भेटली. साधा पंजाबी ड्रेस, केस वर बांधलेले, दुधी निवडत होती. आई सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "इतका छळ बरा नव्हे हो. गरीब गाय आहे ती." बाई हसली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, "काकू, काय करणार, लिहून देतात तसं बोलावं लागतं." वर तिने दुधी कोवळा कसा ओळखावा हेही आईंना विचारलं. झालं. त्या दिवसापासून आईंची मोठी पंचाईत झाली. ती पडद्यावर दुधात काहीतरी कालवायला लागली की आई म्हणायच्या, "स्वभावाने चांगली आहे पण." मालिकेतली सगळी मजाच गेली. चांगल्या माणसांना भेटून आपलं असं नुकसान होतं.

लॉकडाऊनने मात्र आईंची श्रद्धा आणखी वाढवली. मार्च २०२०मध्ये चित्रीकरणं थांबली आणि जुन्या मालिका पुन्हा लागल्या. पुढे काय होणार हे पाठ असूनही आईंनी जुन्या नायिकेला पूर्वीइतक्याच तळमळीने सावध केलं. "त्या कागदावर सही करू नकोस, मागच्या वेळीही केलीस." २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरणं बंद झाली तेव्हा काही मालिकांनी आपला बाडबिस्तरा गोव्याला, सिल्वासाला हलवला. एके दिवशी अख्खं एकत्र कुटुंब, आजीपासून मोलकरणीपर्यंत, देवदर्शनाच्या नाहीतर हवापालटाच्या निमित्ताने कुठल्याशा रिसॉर्टवर पोचलं आणि तिथेच राहिलं. खिडकीबाहेर माड. आम्ही घरात कोंडलेले. "त्यांना ई-पास मिळाला वाटतं," बाबा दारातून म्हणाले.

नव्या मालिकेला आपण कधी चिकटलो, हे नक्की कोणालाच सांगता येत नाही. सोमवारी सगळे नावं ठेवतात. मंगळवारीही ठेवतात. बुधवारी कोणीतरी म्हणतं, आज राहू दे. तर दुसरं कोणी म्हणतं, काल तिने पत्र कुठे लपवलं तेवढं फक्त बघू. ते पत्र सापडायला सहा आठवडे लागतात. २०१३मध्ये 'होणार सून मी ह्या घरची' लागली तेव्हा आमचं असंच झालं. नायिकेला एक सोडून सहा सासवा आहेत, हे कळल्यावर आई म्हणाल्या, "एकटी सहा जणींना कशी पुरी पडते ते तरी बघू." ते बघण्यात अडीच वर्षं गेली. मधल्या काळात नायिकेचं, म्हणजे जान्हवीचं, बाळंतपण लांबलं. सगळ्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले, फोनमध्ये दिवसाला दहा यायचे. आई हसल्या नाहीत. कॅलेंडर काढून बघितलं आणि म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे. होतं मागेपुढे."

माझ्या लेकीच्या पिढीची बघून बघायची तऱ्हा निराळी. ती फोनवर किंवा लॅपटॉपवर बघते, आणि तिथे मालिकांचा एवढा ढीग असतो की जेवायचं ताट घेऊन बसलं तर काय बघावं हे ठरेपर्यंत जेवण होतं. मग रिकामं ताट घेऊन ती पहिला भाग सुरू करते. शीर्षकगीत आलं की पुढे ढकलायचं बटण. संथ प्रसंग आला की दीडपट वेग. आईंना हे बघवत नाही. "अगं, तो बिचारा मरतोय, निदान सावकाश मरू तरी दे."

एकदा सगळ्यांनी मिळून वेब सिरीज बघायची असं ठरलं. २०१८ साल होतं, 'सेक्रेड गेम्स'चं नाव जिकडेतिकडे होतं. नायकाचं नाव गणेश गायतोंडे, म्हणजे आपलाच माणूस, असं म्हणून आई पुढे सरसावून बसल्या. पुढच्या काही मिनिटांत घरात काय झालं ते वर्णन करण्यासारखं नाही. नवऱ्याला एकदम ठसका लागला. मला गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. लेक रिमोट शोधत होती, तो बाबांच्या हातात होता, आणि बाबांना ऐन वेळी एकही बटण सापडेना. फक्त आई शांत होत्या. त्या मटार सोलत होत्या. पडदा काळा झाल्यावर मान खालीच ठेवून म्हणाल्या, "शिव्या फार देतो. गायतोंडे असून."

त्यानंतर लेकीने आजीला कोरियन मालिका दाखवायला सुरुवात केली. हिंदीत बोलणारे कोरियन बघून आईंना आधी हसू आलं. पण तिथेही श्रीमंत घरचा मुलगा, गरीब घरची मुलगी, आणि मुलीपुढे पैशांचं पाकीट सरकवणारी मुलाची आई निघाली. आईंना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. "हिचा अंबाडा सोडला तर आपली साताचीच आहे," म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, किती वर्षं चालते? लेक म्हणाली, "सोळा भाग. संपते मग." आईंनी तिच्याकडे अविश्वासाने बघितलं. "सोळा? मग सासूला वेळ कधी मिळतो?"

इतक्या मालिका बघून झाल्या, तरी लोक मला विचारतात, चांगली कुठली? या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराने एकदा स्वतःपुरतं शोधून काढलं आहे. मध्यंतरी एका वाहिनीवर एक नवी मालिका लागली. रीतीप्रमाणे आम्ही बघायला बसलो. नायिकेच्या हातातला चहाचा कप भरलेला होता. गॅस पेटलेला होता, फोडणी तडतडली. रात्री ती साध्या गाऊनमध्ये झोपली. नवरा-बायकोत गैरसमज झाला, तो नवऱ्याने त्याच भागात फोन करून मिटवला. सासू वाईट नव्हती, चांगलीही नव्हती, रोज ऑफिसला जात होती. महत्त्वाचं बोलायचं झालं तेव्हा बाई उठली, दार लोटलं आणि आतून कडी घातली.

आमच्या घरात अर्धा तास कोणी बोललं नाही. मटार एकही तोंडात गेला नाही. नवऱ्याचं ऑफिसचं काम पूर्ण झालं. बाबा तांब्या ठेवून आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि आम्ही दोघी खालपर्यंत हवापाण्यावर बोललो.

चौथ्या दिवशी जाहिराती लागल्या तेव्हा आईंनी रिमोट उचलला. "चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "अगदी चांगली आहे. पण आपल्याला बोलायला काही ठेवलंच नाही त्यांनी." आणि चॅनेल बदललं.

तिकडे आमची नेहमीची मालिका चालू होती. जिना, झुंबर, जरीची साडी. खलनायिका फोनवर सांगत होती, उद्या सकाळी दहा वाजता, वकिलांच्या ऑफिसात, खोट्या कागदांवर, थोरल्या सासऱ्यांची सही. मागे दार सताड उघडं. दुधाचा पेला घेऊन कोणीतरी पॅसेजमधून येत होतं. आई, मी, लेक आणि लॅपटॉपमागून नवरा, असे चौघं एकदम ओरडलो. झोपायला गेलेले बाबा तांब्या घेऊन बाहेर आले आणि आमच्याहून मोठ्याने ओरडले, "अहो बाई, दार लावा!"

दार तिने लावलं नाही. लावलं असतं, तर आम्ही ती मालिका त्याच दिवशी सोडली असती.